परिचर्येतील व्यावसायिक आचरण : निरीक्षण, नोंद आणि नकार

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुलीला सुरुवातीच्या काही आठवड्यांतच दोन उपदेश ऐकायला मिळतात. घरची मंडळी सांगतात, मनात सेवाभाव ठेव. वॉर्डात मुरलेले लोक सांगतात, डॉक्टर म्हणतील तेवढं करायचं, जास्त डोकं चालवायचं नाही. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि दोन्ही अपुरे आहेत. सेवाभावाने इन्सुलिनचा चुकलेला डोस बरोबर होत नाही. आणि ऑर्डर पाळली की जबाबदारी संपली असे असते, तर तीन-चार वर्षांचे शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांची गरजच नव्हती.

परिचर्येतल्या आचरणाचा विचार मला इथे कामाच्या रचनेच्या अंगाने करायचा आहे. रुग्णालयाच्या साखळीत परिचारिका नेमकी कुठे उभी असते हे आधी पाहिले, तर तिने कसे वागावे हे बहुतांशी त्यावरूनच ठरते. तिने करिअर कसे घडवावे, याचे उत्तरही मला तिथेच सापडते. लेखात ‘ती’ म्हटले असले तरी वॉर्डातल्या प्रत्येक ब्रदरलाही यातले सारे तितकेच लागू आहे.

शेवटचा हात आणि सर्वाधिक वेळची नजर

औषधाचा प्रवास पाहा. डॉक्टर ऑर्डर लिहितात, फार्मसीतून औषध येते, कधी नातेवाईक बाहेरच्या दुकानातून घेऊन येतात. या प्रवासात कुठेही चूक झाली तरी ती पुढच्या टप्प्यावर पकडता येते. फक्त एका टप्प्यानंतर पकडता येत नाही. परिचारिकेच्या हातातून औषध शरीरात गेले की मागे फिरायला वाट नाही. तिचा हात हा शेवटचा हात आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. डॉक्टर राउंडला येतात, काही मिनिटे थांबतात, पुढच्या खाटेकडे वळतात. रुग्णाजवळ दिवसरात्र पाळीने कोणी असेल तर ती परिचारिका. रुग्णाची तब्येत बिघडते ती बहुधा राउंडच्या मधल्या वेळात.

या दोन स्थानांतून तीन कर्तव्ये निघतात. शेवटचा हात असल्यामुळे तपासणे, आणि गरज पडल्यास नकार देणे. सर्वाधिक वेळची नजर असल्यामुळे नेमके पाहणे. आणि पाळी बदलली तरी पाहिलेले हरवू नये म्हणून लिहिणे आणि सांगणे. वेळेवर येणे, गणवेश नीट असणे, गोड बोलणे या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या या तिन्हींच्या आधाराला आहेत. टापटीप गणवेशातली, मृदू बोलणारी परिचारिका श्वास न मोजता आकडा टाकत असेल, तर तिचे आचरण चांगले म्हणता येणार नाही.

शेवटच्या हाताचे वजन कायद्यानेही ओळखले आहे. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवला जावा असा आहे. टायफॉइडसाठी दाखल झालेल्या लहान मुलाला शिरेतून इंजेक्शन दिले गेले, त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी व्यक्ती पात्रताधारक परिचारिका नव्हती. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई न्यायालयाने कायम ठेवली आणि जबाबदारी रुग्णालयावरही टाकली. आजही अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये नोंदणी नसलेल्या मुलींना पांढरा कोट देऊन इंजेक्शने द्यायला लावतात. मालकाचा पात्र परिचारिकेवरचा पगार वाचतो, धोका मात्र रुग्णाच्या आणि त्या मुलींच्याच गळ्यात पडतो.

आज्ञाधारकपणाचा इतिहास

परिचारिकेने मुकाट्याने ऐकावे ही अपेक्षा फक्त आपल्याकडची नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट येथे तयार झालेल्या आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेत डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साथ देण्याचे वचन होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली. तिने अनैतिक गोष्टींत भाग घेण्यास नकार देणे हे बंधन मानले, पण डॉक्टरांच्या आज्ञा बुद्धीने आणि निष्ठेने पाळणे हेही बंधनच मानले. खरा बदल १९७३ च्या सुधारित संहितेत झाला. परिचारिकेची पहिली जबाबदारी जिला परिचर्येची गरज आहे त्या व्यक्तीप्रती, असे त्यात स्पष्ट आले. निष्ठेचा केंद्रबिंदू डॉक्टरांकडून रुग्णाकडे सरकला.

या दोन संहितांच्या मधल्या काळात, १९६६ मध्ये, हॉफलिंग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वॉर्डात एकट्या असलेल्या परिचारिकेला फोन येई. अनोळखी आवाज स्वतःला डॉक्टर म्हणवून घेई आणि एका रुग्णाला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्यायला सांगे. औषध या प्रयोगासाठीच ठेवलेले, निरुपद्रवी. पण बाटलीवर स्पष्ट लिहिलेले होते की दिवसाचा कमाल डोस १० मिलिग्रॅम. फोनवरची ऑर्डर घ्यायची नाही हा नियम होता, औषध मंजूर यादीत नव्हते, डॉक्टर ओळखीचे नव्हते. तरी २२ पैकी २१ परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. त्यांना वाटेत थांबवण्यात आले. हीच परिस्थिती कागदावर मांडून ‘तुम्ही काय कराल’ असे इतरांना विचारले, तेव्हा १२ पैकी १० परिचारिकांनी आणि सर्वच्या सर्व २१ विद्यार्थिनींनी ‘देणार नाही’ असे उत्तर दिले.

वर्गात बसून ‘देणार नाही’ म्हणणे आणि रात्रपाळीत फोन कानाला असताना ‘देणार नाही’ म्हणणे यांत एवढे अंतर आहे. म्हणून नीतिशास्त्राच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या मुलीच्या आचरणाविषयी आपल्याला फारसे काही कळलेले नसते.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७७ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी तसाच प्रयोग थोडा बदलून केला. औषध परिचारिकांच्या ओळखीचे घेतले आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलण्याची मोकळीक ठेवली. या वेळी १८ पैकी फक्त दोघी तो जास्तीचा डोस द्यायला तयार झाल्या. फरक पाडला तो दोन गोष्टींनी : औषधाची माहिती आणि बाजूला विचारायला कोणीतरी असणे. माझ्या दृष्टीने साऱ्या विवेचनाचा कणा हा आहे. धाडस हा स्वभावाचा गुण आहे असे आपण मानतो, पण वॉर्डातले धाडस बऱ्याच अंशी ज्ञानातून आणि सोबतीतून येते. भित्र्या मुलीलाही डोस पाठ असेल आणि इनचार्ज सिस्टर ‘विचारलंस ते बरं केलंस’ म्हणणारी असेल, तर ती थांबते. धीट मुलीलाही औषध अनोळखी असेल आणि विचारल्यावर ओरडा खावा लागत असेल, तर ती पुढे जाते.

तपासणे आणि नकार देणे

तपासण्याचे एक उदाहरण जवळून पाहू. आपल्या देशात इन्सुलिनच्या दोन तीव्रता प्रचारात आहेत : एका एमएलमध्ये ४० युनिट आणि एका एमएलमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन. चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी. वॉर्डातल्या ट्रॉलीत दोन्ही शेजारी पडलेल्या असतात आणि नातेवाइकाने आणलेली कुपी कोणत्या तीव्रतेची हे त्यालाही ठाऊक नसते. डॉक्टरांनी दहा युनिट लिहिले. हातात शंभराची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज आली आणि दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर भरले जाते पाव एमएल, म्हणजे २५ युनिट. अडीच पट. तो रुग्ण पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडेल आणि कोणाला वाटेल झोपला आहे. उलट चाळिसाची कुपी आणि नारिंगी सिरिंज घेतली तर जातील चारच युनिट. साखर उतरणार नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर डोस वाढवतील, आणि त्यानंतर एखाद्या पाळीत योग्य सिरिंज वापरली गेली की रुग्ण कोसळेल. इथे ना ऑर्डर चुकीची होती, ना औषध, ना रुग्ण. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच योग्य पाठ असलेल्या मुलीकडूनही हे घडू शकते, कारण मात्रा कागदावर बरोबर आहे. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाचणे, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवणे, हाच त्यावरचा उपाय. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

नकाराचे उदाहरण पोटॅशियमचे. पोटॅशियम क्लोराइडचे दहा एमएलचे अँप्युल पातळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय जागच्या जागी थांबू शकते. एखाद्या नव्या रेसिडेंटने घाईत केस पेपरवर ‘पोटॅशियम एक अँप्युल आयव्ही’ एवढेच लिहिले, तर काय करायचे? मला अभिप्रेत असलेला संवाद असा असतो :

“सर, पोटॅशियमची ऑर्डर आहे ती मी अशी देऊ शकत नाही. पातळ केल्याशिवाय शिरेतून देत नाहीत. पाचशे एमएल सलाईनमध्ये घालून चार तासांत लावू का? तसं असेल तर केस पेपरवर लिहून द्या, मी लगेच सुरू करते.”

या बोलण्यात राग नाही, उपदेश नाही, ‘मला काय माहीत’ असली माघारही नाही. कारण आहे, पर्याय आहे आणि लेखी ऑर्डरची मागणी आहे. एवढ्यावर बहुतेक डॉक्टर चूक सुधारतात आणि मनातून आभार मानतात. क्वचित कोणी चिडते : “सिस्टर, डॉक्टर मी आहे की तुम्ही?” तेव्हा वाद घालत बसू नये. “सर, मी इनचार्ज सिस्टरना आणि सीनियर सरांना विचारते,” म्हणून खरोखर विचारावे, आणि कोणाला किती वाजता विचारले ते लिहून ठेवावे. स्वतःच्या हाताने मात्र द्यायचे नाही. कोणाच्याही रागाने शिरेतले पोटॅशियम कमी घातक होत नाही.

नकार ही रोजची गोष्ट नव्हे, हेही सांगायला हवे. प्रत्येक ऑर्डरवर शंका काढणारी सिस्टर थोड्याच दिवसांत कोणाला ऐकू येईनाशी होते. शंका कुठे घ्यायची हे कळण्यासाठी जास्त धोक्याची मोजकी औषधे, म्हणजे इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम, गुंगीची आणि कर्करोगाची औषधे, आतून बाहेरून माहीत हवीत.

फोनवर घेतलेल्या ऑर्डरबाबत एकच सवय पुरेशी आहे. ऐकलेले लिहायचे आणि लिहिलेले परत वाचून दाखवायचे. रात्रीच्या फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत फरक ऐकू येत नाही. ‘एक-पाच, पंधरा ना सर?’ असे विचारले की तो प्रश्न मिटतो.

पाहणे आणि सांगणे

वॉर्डातला टीपीआर चार्ट हातात घ्या आणि श्वसनाच्या रकान्यावरून बोट फिरवा. कितीतरी चार्टवर सगळ्या रुग्णांचा, सगळ्या वेळचा आकडा एकच असतो : २०. तापाचा रुग्ण २०, ऑपरेशन झालेला २०, दम लागून दाखल झालेला २०. इतक्या माणसांनी एकाच लयीत श्वास घेणे शक्य नाही. आकडा न मोजता टाकलेला असतो.

हे लहानसे पाप वाटते, पण आहे मोठे. शरीर बिघडू लागले की नाडी, रक्तदाब यांच्याही आधी अनेकदा श्वासाचा वेग बदलतो. म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या धोक्याच्या पूर्वसूचनेच्या गुणपद्धतीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा जास्त श्वासांना थेट तीन गुण दिले आहेत. म्हणजे २० लिहिणारी व्यक्ती धोक्याची घंटा वाजणार नाही असाच नेमका आकडा निवडते आहे. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहणे, आणि तेही रुग्णाला न सांगता, कारण सांगितले की माणूस श्वास बदलतो : परिचर्येत याहून स्वस्त आणि याहून मोलाची तपासणी मला माहीत नाही.

पाहिलेले सांगण्याचेही शास्त्र आहे. रात्री पावणेतीनला फोन करून “सर, सात नंबरचा पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय” म्हटले, तर उत्तर येते, “बघतो सकाळी.” त्याच सिस्टरने असे म्हटले तर?

“सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. सात नंबर, काल आतड्याचं ऑपरेशन झालेले आजोबा. बारा वाजता पल्स ९२ होती, आता १२६ आहे. श्वास २८. बीपी ९४ बाय ६०. तीन तासांत लघवी ४० एमएल. पोट कडक लागतंय. मला आत काहीतरी बिघडल्यासारखं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर रक्त पाठवू का?”

या बोलण्यात परिस्थिती आली, पार्श्वभूमी आली, तिचे स्वतःचे मत आले आणि मागणी आली. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली ही चार पायऱ्यांची पद्धत आता जगभर शिकवतात. आपल्या मुली पहिल्या दोन पायऱ्या बरोबर चढतात आणि तिसरीवर अडखळतात. ‘मला वाटतं’ म्हणायला त्यांना संकोच होतो, कारण मत देणे हे आपले काम नाही असे त्यांच्या मनावर बिंबवलेले असते. पण सर्वाधिक वेळ पाहणाऱ्या माणसाचे मत हाही पुरावाच आहे.

नोंद

नोंदीचे नियम सगळ्यांना माहीत असतात. वेळ घालावी, सही करावी, खाडाखोड करू नये, चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहावे, काम करण्याआधी केल्याची नोंद करू नये. मी भर देईन तो मजकुरावर. ‘रुग्ण ठीक, तक्रार नाही’ या वाक्यातून पुढच्या पाळीला काहीच मिळत नाही. ‘दोन वाजता उठून बसला, छातीवर हात ठेवून “जीव घाबरा होतोय” म्हणाला, कपाळाला घाम, बीपी १०० बाय ७०, आरएमओना २.१० ला कळवले, ते २.२५ ला आले, ईसीजी काढला’ हे वाक्य रुग्णाला वाचवते आणि वेळ आली तर लिहिणारीलाही. मराठी रुग्ण बरेचदा छातीत दुखते असे म्हणत नाही. कसंतरी होतंय, जीव घाबरतोय, धडधडतंय, असे म्हणतो. ते शब्द इंग्रजीत वळवून सपाट करू नयेत, अवतरण चिन्हांत जसेच्या तसे उतरवावेत. ज्या मुलींना आपले इंग्रजी कच्चे असल्याची लाज वाटते त्यांना मी सांगते की ग्रामीण रुग्णालयात रुग्णाची बोली समजणे ही कौशल्याची बाब आहे. इंग्रजी शिकायलाच हवे, पण या कौशल्याला कमी लेखून नव्हे.

नोंदीच्या दुसऱ्या टोकाला गोपनीयता आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या खाटेवर किंवा केस पेपरच्या मुखपृष्ठावर ‘बी-२४’ असे ठळक लिहिण्याची पद्धत अनेक वॉर्डांत चालत आली. रोगवर्गीकरणातला तो संकेतांक मावशींपासून शेजारच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना कळतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय अशी माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. आणि काळजी प्रत्येकच रुग्णाच्या रक्ताची सारखी घ्यायची असते, त्यामुळे त्या पाटीचा संरक्षणासाठीही उपयोग नाही. आणि वापरलेली सुई आपल्यालाच टोचली तर ते लपवू नये. प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. गोपनीयतेच्या संदर्भात वॉर्डात रील्स काढण्याबद्दलही लिहिण्याची वेळ यावी हे दुःखद आहे. मागे पडद्याआड झोपलेल्या माणसाने त्याला संमती दिलेली नसते, एवढे पुरे.

सातत्याचा एक पुरावा

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच, कायमच्या अचेतन (व्हेजिटेटिव्ह) अवस्थेत होत्या. जवळपास ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बेत रद्द झाला. मार्च २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या कामाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही, ही गोष्ट तेव्हा देशभर गाजली.

या घटनेकडे आपण भावनेने पाहतो, आणि भावना योग्यच आहे. पण शय्याव्रण भावनेने टळत नाही. माकडहाड, टाचा, खुबे या ठिकाणी हाड आणि अंथरूण यांच्यात कातडी काही तास दाबली गेली की रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी मरू लागतात. त्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, कातडी कोरडी ठेवावी लागते, आहार राखावा लागतो. चार दशके हे चालले याचा अर्थ हजारो वेळा पाळी बदलली आणि प्रत्येक वेळी जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला ओव्हर नीट दिला. मूळच्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, ज्यांनी अरुणाताईंना कधी हिंडता-फिरताना पाहिले नव्हते अशा मुली आल्या, तरी काम तुटले नाही. सेवाभाव म्हणतात तो असा, रोजच्या शिस्तीत उतरलेला असतो.

त्याच घटनेचा दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. हल्ला कामाच्या जागी झाला. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा सुरक्षित वातावरणासाठी संपही केला. महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. आपल्या रुग्णालयात अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, कपडे बदलण्याची खोली कुठे आहे, रात्रपाळीनंतर घरी कसे जायचे, हे विचारणे उद्धटपणा नाही.

करिअर कुठे वाढते

आता सल्ल्याकडे. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम, चार वर्षांची बीएस्सी, जीएनएमनंतरची दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी आणि मग एमएस्सी ही शिडी माहितीपत्रकांत सापडते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि तिचे वेळेवर नूतनीकरण याला पर्याय नाही. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायदा झाला, तेव्हा नियम बदलत राहतील. ते कौन्सिलकडूनच समजून घ्यावेत, मैत्रिणीच्या स्टेटसवरून नव्हे.

खरा प्रश्न पहिल्या नोकरीचा. बहुतेक मुली पगार आणि घरापासूनचे अंतर पाहतात. पगार पाहायलाच हवा. केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ४४,९०० पासून सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये असावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी वेतनाइतकेच द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारस किती ठिकाणी अमलात आली हे प्रत्येक खासगी स्टाफला ठाऊक आहे, आणि ही अन्यायाची गोष्ट आहे असे मी स्वच्छ म्हणते.

पण वर सांगितलेल्या दोन प्रयोगांचा निष्कर्ष लक्षात घेतला तर पहिल्या नोकरीत त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे विचारायला कोणी आहे का. मुलाखतीत हे विचारावे : एका पाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण? नव्या स्टाफला किती आठवडे एकटीला पाळी देत नाहीत? रात्री डॉक्टर वॉर्डात असतात की फोनवर? चूक कळवली तर पुढे काय होते? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट असेल तर तिथे सही करू नये. दाखवण्यासाठी मूळ आणि देण्यासाठी प्रत. चकचकीत आयसीयूत पहिल्या आठवड्यापासून एकटीवर सोडणाऱ्या जागेपेक्षा, जिथे जुनी परिसेविका बाजूला उभी राहून शिकवते असा साधा मेडिसिन वॉर्ड मी केव्हाही निवडीन. तिथली दोन वर्षे झाली की आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कर्करोग, नवजात शिशू विभाग यांपैकी कशाचाही पाया पक्का होतो.

परदेशाचेही तसेच. ब्रिटनसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस, मग संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक, अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स, जर्मनीसाठी बी-२ पातळीची जर्मन भाषा. यांतल्या परिचर्येच्या परीक्षांची जातकुळी एक आहे : पाठांतरापेक्षा, समोरच्या रुग्णात कोणता बदल आधी हाताळशील, कोणाला काय सांगशील हे त्या विचारतात. जी मुलगी इथल्या वॉर्डात श्वास मोजत आली आणि फोनवर आपले मत सांगत आली, तिला तो प्रश्न परका वाटत नाही. एजंटला पैसे देण्याआधी आपल्या कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि पडताळणी कशी मिळते ते स्वतः जाऊन विचारावे.

चूक, आणि संस्थेचा वाटा

इतके करूनही चूक होते. झाली की क्रम ठरलेला आहे : आधी रुग्णाकडे पाहणे, लगेच डॉक्टरांना आणि इनचार्जना सांगणे, जे घडले ते तसे लिहिणे. अर्धा तास लपवलेली इन्सुलिनची चूक जीव घेते. पहिल्या मिनिटाला सांगितलेली बहुधा ग्लुकोज देऊन सावरता येते. पण प्रत्येक कबुलीवर मेमो काढणाऱ्या संस्थेला पुढच्या वेळी कबुली मिळत नाही. त्या वॉर्डातल्या चुका तशाच राहतात, फक्त मेट्रनच्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत. अशा संस्थेच्या व्यवस्थापनाने मग आचरणावर व्याख्याने ठेवू नयेत.

मनुष्यबळाचा हिशेब तर याहून मूलभूत. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. तिथली तुलना चार ते आठ रुग्णांची होती. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा आणि खाली गाद्यांवर आणखी काही, हे दृश्य नवे नाही. तिला दर दोन तासांनी सगळ्यांची कूस बदल आणि मिनिटभर श्वास मोज असे सांगणे म्हणजे तिच्या माथी अशक्य काम मारणे आहे.

तरीही तिच्या हातात एक गोष्ट उरते. सगळे होणार नसेल तर कोणाचे आधी, हे पाळीच्या सुरुवातीलाच ठरवणे : नुकतेच ऑपरेशन झालेले, दम लागलेले, इन्सुलिनवरचे, रक्त चालू असलेले. उरलेल्यांचे जे झाले नाही ते झाले म्हणून लिहायचे नाही. आणि रात्रीच्या रिपोर्ट बुकात पहिल्या ओळीत हजर रुग्णांची संख्या, हजर स्टाफची संख्या, सुपरवायझर सिस्टरना किती वाजता कळवले आणि त्यांनी काय सांगितले, हे रोज न चुकता लिहायचे. मोकळ्या पदांची मागणी वर जाते तेव्हा अधिकारी आकडे मागतात, आणि ते आकडे द्यायला त्या वहीखेरीज दुसरे काही नसते. परिसेविकेने महिनाअखेरीस त्या ओळी एका कागदावर उतरवून अधिसेविकांच्या सहीने पुढे पाठवाव्यात, आणि पोच घ्यावी.